कात्री आणि फीत

मुंबईत दादरच्या मुख्य रस्त्यावरील एका घरात १९१२ साली रात्री दिवे मालवले, की एका निराळ्याच उद्योगाला प्रारंभ होत असे. विलायतेहून आणलेल्या कोऱ्या फिल्मला उजेडाचा स्पर्श झाला तर ती वाया जाई. म्हणून घरच्या गृहिणी सरस्वतीबाई काळोखात बसून यंत्राने तिच्या कडांना छिद्रे पाडीत. फुटभर फितीवर चित्रे सोळा आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजूंना छिद्रे चार-चार. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करून ही माउली रात्री हे काम करी, आणि तेही बिनचूक!

या घराचे धनी धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच पुढे सर्व देशाला ठाऊक झालेले दादासाहेब. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित. चिरंजीवांचा ओढा मात्र चित्रकला, नाटक आणि जादू यांकडे. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, छापखाना असे त्यांचे बरेच उद्योग झाले. एका जागी फार काळ स्थिरावण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता.

चाळिशी गाठली असता मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट त्यांच्या पाहण्यात आला. पडद्यावर ख्रिस्त पाहताना त्यांच्या मनश्चक्षूंसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले. मग ध्यास लागला. चित्रे दाखविण्याचे एक लहानसे यंत्र आणून ते मेणबत्तीच्या उजेडात रोज रात्री चार-चार, पाच-पाच तास चित्रे निरखू लागले. झोप नाही, विश्रांती नाही. शेवटी डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ त्यांना दिसेनासे झाले. ज्या विद्येचे सारे मर्म पाहण्यात आहे, तिच्या उंबरठ्यावरच दृष्टी जावी! नेत्रवैद्यांच्या उपचारांनी ती परत आली. तरीही दादासाहेबांनी तो नाद सोडला नाही. विम्याचे कागद गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत त्यांनी लंडन गाठले आणि तेथील निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत कामाची पद्धत पाहून घेतली. कॅमेरा व छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन ते परतले.

आता भांडवल हवे होते. दादासाहेबांनी कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर रोखला आणि महिनाभर थोडी थोडी चित्रे घेऊन अंकुराची वाढ टिपली. पडद्यावर ते रोप मिनिटभरात वाढताना पाहून लोक थक्क झाले. महिन्याचा काळ मिनिटात बसविता येतो, हे त्या इवल्याशा रोपाने सिद्ध केले. तरी पैसे पुरेनात. सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात गेले.

फितीवरील सारी चित्रे स्तब्ध असतात. ती वेगाने डोळ्यांपुढून सरकली, की हालचाल भासते. चित्रीकरण तर तुकड्यातुकड्यांनीच होते. शेवटचा प्रसंग आधी, पहिला नंतर, असेही घडते. न थांबता घेतलेल्या अशा एका तुकड्यास शॉट म्हणतात. नको तो भाग कात्रीने कापावयाचा, टोकावरचा लेप खरवडावयाचा, त्यावर चिकटद्रव लावून दुसरे टोक दाबून बसवावयाचे, या कामाला संकलन हे नाव आहे. सांधा बेताल पडला, तर चालता माणूस एकदम उडी मारल्यासारखा दिसतो. पात्र एकाएकी प्रकट व्हावे असे वाटल्यास कॅमेरा थांबवावयाचा, नटाला आणून उभे करावयाचे, कॅमेरा पुन्हा सुरू करावयाचा आणि मधली बिघडलेली चित्रे कापून टाकावयाची. जादूगार दादासाहेबांना हे चांगलेच मानवले.

‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला तेव्हा त्याची लांबी सुमारे ३७०० फूट होती. म्हणजे जवळजवळ ५९ हजार चित्रे! ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात तो लोकांसमोर आला. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंखे या एकाच नटाने केल्या. निरनिराळे वेष घेऊन दिलेली दृश्ये फितीवर शेजारी आली आणि प्रेक्षकांना तेथे पती व पत्नी दिसली.

संकलनाची खरी करामत मात्र १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये दिसते. त्यात कृष्ण झाली होती दादासाहेबांची लहानगी कन्या मंदाकिनी. पाण्याखाली कृष्ण कालियाशी झुंजतो आहे. एवढ्यात ते दृश्य तुटते आणि तीरावरचे व्याकूळ लोक दिसतात. पुन्हा डोह, पुन्हा तीर. दोन्ही ठिकाणच्या दृश्यांना एकत्र आणले ते कात्रीने. तीरावरच्या लोकांना डोहात काय चालले आहे ते दिसत नाही, प्रेक्षकांना दिसते. आणि तरीही प्रेक्षकांचाच श्वास रोखलेला असतो.

१९३१ साली बोलपट आला. आता चित्राबरोबर ध्वनीही सांभाळावा लागू लागला, खर्चही वाढला. दादासाहेबांनी १९३७ मध्ये ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. परंतु काळ पुढे गेला होता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार देऊ लागले. काळोखात छिद्रे पाडणाऱ्या सरस्वतीबाईंच्या नावाचा तसा पुरस्कार निघाला नाही.

दादासाहेबांचे पुष्कळसे चित्रपट नष्ट झाले. चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारी त्यांची एक छोटी फीत मात्र अंशतः उरली आहे. तीत ते स्वतःच दिसतात. हातातली फीत डोळ्यांजवळ धरून चित्रामागून चित्र न्याहाळीत.