बिअरच्या पिंपावरचा वायू

इराण्याच्या हॉटेलातला सोडा असो की लालबागच्या नाक्यावरची गोटीची बाटली, त्यातल्या बुडबुड्यांचा माग काढत गेलं की आपण इंग्लंडमधल्या एका बिअरच्या भट्टीपाशी पोहोचतो. आणि भट्टीच्या शेजारी राहत होते चक्क एक धर्मोपदेशक!

जोसेफ प्रीस्टली. शाळेत प्राणवायूच्या धड्यात भेटलेलं हे नाव पुढे आपण विसरून जातो. 1733 साली यॉर्कशायरमधल्या कापडाचं काम करणाऱ्या घरात ते जन्मले. आई लवकर गेली, आत्याने वाढवलं. बोलताना अडखळायचे, तरी पेशा पत्करला प्रवचनाचा. तोही इंग्लंडच्या राजमान्य चर्चला न मानणाऱ्या पंथाचा. हा हट्टीपणा पुढे त्यांना महागात पडला.

1767 साली ते लीड्सला आले. घराशेजारच्या भट्टीत बिअर आंबत असे आणि पिंपांवर सुमारे फूटभर जाडीचा अदृश्य वायू तरंगत असे. पेटती मेणबत्ती त्यात धरली की विझे. धूर त्या वायूत मिसळे आणि पिंपाच्या काठावरून पाण्यासारखा खाली ओघळे. म्हणजे हा वायू हवेपेक्षा जड. हाच कार्बन डायऑक्साइड. प्रीस्टलींनी पिंपाच्या तोंडाशी दोन भांडी धरून पाणी यातून त्यात, त्यातून यात ओतलं. काही मिनिटांत पाणी चुरचुरीत झालं! पुढे प्रयोगात काहीतरी सांडून बिअरची चव बिघडली आणि भट्टीवाल्याने त्यांना दार बंद केलं. मग त्यांनी खडू आणि गंधकाम्ल वापरून घरीच वायू तयार केला.

1772 साली त्यांनी ही सगळी कृती पुस्तिकेत छापून टाकली. पेटंट नाही, काही नाही. कर्जाचे अर्ज तपासण्यात हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला हे पाहून हळहळ वाटते. धंदा केला तो श्वेप नावाच्या जिनिव्हाच्या गृहस्थाने, 1783 साली. आपल्या मुंबईत 1889 मध्ये दिनशॉजी पांडोल ह्या पारशी क्रिकेटपटूने 'ड्यूक्स' सुरू केलं, तेही ह्याच वाटेवरचं. प्रीस्टलींना मात्र आशा होती ती ह्या पाण्याने खलाशांचा स्कर्व्ही बरा होण्याची. तो काही झाला नाही. त्याला लिंबू-संत्रंच लागतं.

आणखी एक वायू त्यांच्या हातून गेला, तो नायट्रोजन. बंद हवेत कोळसा जाळून जे उरतं ते त्यांनी पाहिलं होतं, पण त्याच्या शोधाचं श्रेय 1772 साली रदरफर्डला मिळालं. आज हेच दोन वायू बिअरच्या नळाशी एकत्र आले आहेत. घरी बिअर गाळणारे परदेशी हौशी लोक साधारण तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड असं सिलिंडर आणतात. कारण सोपं आहे. बिअर नळाच्या बारीक छिद्रांतून जोराने ढकलायची तर दाब हवा. पण एकट्या कार्बन डायऑक्साइडचा तेवढा दाब दिला तर तो बिअरमध्ये विरघळतो आणि नुसता फेस होतो. नायट्रोजन पाण्यात पन्नासपटीने कमी विरघळतो. तो ढकलण्याचं काम करतो, शिवाय त्याच्या बारीक बुडबुड्यांनी सायीसारखा फेस येतो. डब्लिनच्या गिनेसमध्ये 1959 साली हे जमवलं मायकेल अ‍ॅश नावाच्या गणितज्ञाने. (आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, हे हौशी पुतण्यांनी लक्षात ठेवावं.)

प्रीस्टलींनी 1 ऑगस्ट 1774 रोजी पाऱ्याच्या भस्मावर भिंगाने ऊन पाडून प्राणवायू मिळवला. पण त्याचा खरा अर्थ लावला पॅरिसच्या लाव्हाझिएने. ज्वलनाबद्दलची जुनी फ्लोजिस्टनची कल्पना प्रीस्टलींनी अखेरपर्यंत सोडली नाही. धर्मात सगळ्यांशी भांडणारा हा माणूस रसायनात असा सनातनी का राहिला, हे मला कधी उलगडलं नाही.

फ्रेंच राज्यक्रांतीला त्यांनी उघड पाठिंबा दिला. 14 जुलै 1791 च्या संध्याकाळी बर्मिंगहॅमच्या घरी ते पत्नीबरोबर सोंगट्या खेळत बसले असताना जमाव येत असल्याची खबर आली. दोघं निसटले. घर, प्रयोगशाळा, ग्रंथसंग्रह, वर्षानुवर्षांची हस्तलिखितं जळून गेली. 1794 मध्ये त्यांनी अमेरिकेची वाट धरली. ते समुद्रावर असतानाच, 8 मे रोजी, तिकडे पॅरिसमध्ये त्याच क्रांतीने लाव्हाझिएचा शिरच्छेद केला.

पेनसिल्व्हेनियातल्या नॉर्थम्बरलँड गावी त्यांनी पुन्हा प्रयोगशाळा मांडली. तिथे आधी धाकटा मुलगा गेला, मग पत्नी. 6 फेब्रुवारी 1804 च्या सकाळी अंथरुणावरूनच त्यांनी एका लिखाणातल्या दुरुस्त्या सांगितल्या, परत वाचून घेतल्या, एक चूक सुधारली, आणि थोड्याच वेळात शांतपणे प्राण सोडला.