अहमद रामी : ग्रांथिक भाषेकडून बोलीकडे

विसाव्या शतकातील अरबी गीतकाव्याचा विचार अहमद रामी यांना वगळून करता येत नाही. त्यांचा जन्म १८९२ मध्ये कैरो येथे झाला. पॅरिसमध्ये त्यांनी फारसीचे अध्ययन केले आणि उमर खय्यामच्या रुबायांचा थेट मूळ भाषेतून अरबी अनुवाद केला. १९२४ मध्ये मायदेशी परतल्यावर ते कैरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात काम करू लागले.

याच सुमारास गायिका उम्म कुल्सूम यांच्याशी त्यांचा परिचय झाला. पुढे रामींनी त्यांच्यासाठी शंभराहून अधिक गीते लिहिली व त्यांना अभिजात काव्याची गोडी लावली. अरबी परंपरेत ग्रांथिक भाषेला प्रतिष्ठा होती. बोलीतील रचना दुय्यम मानली जाई. त्यामुळे मान्यता पावलेल्या कवीने इजिप्ती बोलीत गीते लिहिणे म्हणजे आपली प्रतिष्ठा पणाला लावणेच होते. रामींनी ते केले आणि अभिजात काव्यातील विरहभावनेचा हळुवारपणा बोलीत आणला. नभोवाणीमुळे ही गीते निरक्षर श्रोत्यांपर्यंतही पोहोचली. त्यांच्या ग्रांथिक अरबीतील निवडक रुबायाही उम्म कुल्सूम यांनी गायल्या. १९८१ मध्ये रामींचे निधन झाले.

मराठीत माधव जूलियन यांनीही फारसीवरूनच रुबायांचा अनुवाद केला. तो १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र मराठी रुबाया मुख्यतः वाचकांच्या राहिल्या, तर अरबी रुबाया गायनातून जनसामान्यांच्या झाल्या. अनुवादित काव्याचा प्रसार केवळ अनुवादकाच्या सामर्थ्यावर अवलंबून नसतो, हे यावरून विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.