लिओ फेंडर

क्लॅरेन्स लिओनिडस उर्फ लिओ फेंडर (१० ऑगस्ट १९०९ - २१ मार्च १९९१) हे अमेरिकन संशोधक व वाद्यनिर्माते होते. टेलिकास्टर व स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटार आणि प्रिसिजन बेस हे वाद्य ही त्यांची प्रमुख निर्मिती होय. त्यांनी स्थापन केलेल्या फेंडर कंपनीची वाद्ये पुढे अमेरिकेखेरीज जपान, मेक्सिको आदी देशांतही तयार होऊ लागली. गिटारचा दर्जा व किंमत ती कोणत्या देशात बनली यावर किती अवलंबून असते, या चर्चेत त्यांच्या वाद्यांचा दाखला नेहमी दिला जातो.

सुरुवातीचे जीवन

फेंडर यांचा जन्म कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम व फुलर्टन या गावांदरम्यानच्या भागात झाला. त्यांच्या आईवडिलांची तेथे संत्र्यांची बाग होती. वयाच्या आठव्या वर्षी गाठीच्या विकारामुळे त्यांचा डावा डोळा काढावा लागला व त्या जागी काचेचा डोळा बसविण्यात आला. मोटारींच्या विद्युत दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या मामांमुळे त्यांना किशोरवयातच रेडिओची गोडी लागली. महाविद्यालयात त्यांनी मात्र हिशेबशास्त्राचे शिक्षण घेतले व काही वर्षे हिशेबनीस म्हणून नोकरी केली. इ.स. १९३४ मध्ये त्यांचा विवाह एस्थर क्लॉस्की यांच्याशी झाला. महामंदीच्या काळात नोकरी गेल्यानंतर १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्ज काढून त्यांनी फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले.

वाद्यनिर्मिती

दुकानात येणारे वादक आपले ध्वनिवर्धक दुरुस्तीसाठी आणत. त्यांच्या अडचणी ऐकता ऐकता फेंडर वाद्यनिर्मितीकडे वळले. डॉक कॉफमन यांच्या भागीदारीत त्यांनी हवाईयन पद्धतीच्या आडव्या स्टील गिटार व ध्वनिवर्धक बनविले. १९४६ मध्ये ही भागीदारी संपली व फेंडर यांनी स्वतःच्या नावाने व्यवसाय सुरू केला. १९४८ मध्ये जॉर्ज फुलर्टन त्यांच्याकडे रुजू झाले.

१९५० मध्ये भरीव लाकडाची ब्रॉडकास्टर ही गिटार बाजारात आली. या नावाशी मिळतेजुळते नाव ग्रेच कंपनी आपल्या ढोलांसाठी वापरत असल्याने तिने हरकत घेतली; त्यामुळे १९५१ मध्ये या गिटारचे नाव टेलिकास्टर असे झाले. त्याच वर्षी प्रिसिजन बेस व १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर ही वाद्ये आली. फेंडर स्वतः गिटार वाजवीत नसत. त्यामुळे प्रत्येक नमुना ते व्यावसायिक वादकांच्या हाती देत व त्यांच्या सूचनांनुसार सुधारत.

त्यांच्या रचनेचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे सुटे भाग. पारंपरिक गिटारमध्ये मान धडाला सरसाने चिकटविली जाई. फेंडर यांनी ती स्क्रूने जोडली. बिघडलेला भाग त्यामुळे सहज बदलता येई आणि परंपरागत वाद्यकारागिरी न शिकलेले कामगारही प्रशिक्षणानंतर उत्तम वाद्य तयार करू शकत. फुलर्टनच्या कारखान्यातील कामगारांत मेक्सिकन वंशाचे अनेक स्त्री-पुरुष होते. तादेओ गोमेझ यांची आद्याक्षरे असलेल्या माना आणि ॲबिगेल यबारा यांनी गुंडाळलेली पिकअप यांना आज संग्राहकांत मोठी मागणी आहे.

कंपनीची विक्री

प्रकृती खालावल्यामुळे फेंडर यांनी जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीस १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांच्या उपचारांनी ते बरे झाले. सीबीएसच्या काळात उत्पादन वाढले. मात्र विशेषतः १९७० च्या दशकातील वाद्यांचा दर्जा घसरल्याची तक्रार वादक करू लागले. विक्रीपूर्वीच्या वाद्यांची किंमत त्यामुळे वाढत गेली. दोन्ही काळांतील वाद्ये फुलर्टनचीच होती, म्हणजेच हा फरक देशाचा नसून कारखान्यातील देखरेखीचा होता.

याच सुमारास टोकाई, ग्रेको आदी जपानी नाममुद्रांच्या हुबेहूब गिटार कमी किमतीत मिळू लागल्या. त्यांना तोंड देण्यासाठी १९८२ मध्ये फेंडर जपान ही कंपनी स्थापन झाली व मात्सुमोतो येथील फुजिगेन कारखान्यात उत्पादन सुरू झाले. तेथील सुरुवातीच्या वाद्यांना संग्राहक आजही चांगली किंमत देतात. १९८५ मध्ये विल्यम शुल्ट्झ यांच्या नेतृत्वाखालील गटाने कंपनी १ कोटी २५ लाख डॉलरना विकत घेतली. फुलर्टनचा कारखाना या व्यवहारात नव्हता. त्यामुळे कॅलिफोर्नियातीलच कोरोना येथे नवा कारखाना सुरू होऊन स्थिरावेपर्यंत कंपनीला मुख्यतः जपानी मालावर विसंबावे लागले. १९८७ मध्ये मेक्सिकोतील एन्सेनादा येथे कारखाना उभा राहिला. स्क्वायर या स्वस्त नाममुद्रेचे उत्पादन पुढे कोरिया, चीन व इंडोनेशिया येथेही झाले. अमेरिकन व मेक्सिकन वाद्यांच्या किमतीतील फरकामागे मजुरी, सुटे भाग व अखेरच्या हातकामाला दिलेला वेळ ही कारणे असतात. जुन्या वाद्यांच्या बाबतीत दुर्मीळता व नावाचे वलय यांची त्यात भर पडते.

उत्तरायुष्य

स्पर्धा न करण्याच्या कराराची मुदत संपल्यानंतर फेंडर १९७५ मध्ये म्युझिक मॅन कंपनीचे अध्यक्ष झाले. १९७६ मध्ये आलेला स्टिंगरे बेस हे या काळातील त्यांचे महत्त्वाचे काम होय. १९७९ मध्ये एस्थर यांचे निधन झाले. जॉर्ज फुलर्टन यांच्यासह त्यांनी जी अँड एल ही कंपनी फुलर्टन येथेच सुरू केली. स्वतःचे नाव असलेली कंपनी दुसऱ्यांच्या मालकीची असल्याने नव्या वाद्यांवर त्यांना आपले आडनाव घालता येत नव्हते. पार्किन्सनच्या विकाराने ग्रासले असतानाही ते कार्यशाळेत नियमित जात. २१ मार्च १९९१ रोजी फुलर्टन येथे त्यांचे निधन झाले.

सन्मान

१९९२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा मरणोत्तर समावेश करण्यात आला. २००९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांना मरणोत्तर तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला.