साने गुरुजी : न पाळण्यापासून मोडण्यापर्यंत

गोडादऱ्यात अमळनेरचा माणूस शोधावा लागत नाही. उधन्याहून भुसावळकडे जाणारी गाडी नंदुरबार, दोंडाईचा करत अमळनेरला पोचते, आणि याच रुळांवरून खानदेशातली माणसं गेल्या दोन-तीन पिढ्या सुरतेला येत राहिली. कुणी लूमवर लागलं, कुणी साड्यांच्या मार्केटमध्ये, कुणी एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर. आमच्या भागात भाजीच्या गाडीवर मराठीपेक्षा अहिराणी जास्त ऐकू येते. त्यामुळे साने गुरुजी म्हटलं की इथली म्हातारी माणसं ते आपल्याच तालुक्यातले मास्तर असल्यासारखं बोलतात. खरं तर गुरुजी कोकणातले. पण खानदेशाने त्यांना असं काही आपलंसं केलं की पालगडची आठवण फक्त पुस्तकापुरती उरली.

आपल्या मंडळाच्या या अंकासाठी चरित्र लिहायचं ठरलं तेव्हा मी गुरुजींचंच नाव दिलं. मैत्रिणी म्हणाल्या, अगं, त्यांच्यावर शाळेपासून किती निबंध लिहिलेत आपण! बरोबर आहे. पण त्या निबंधांत गुरुजी कायम रडताना किंवा आईच्या पायाशी बसलेले असतात. मला लिहायचंय ते पंढरपूरच्या मठात अन्न सोडून पडलेल्या माणसाबद्दल.

त्याला कारण आहे. इंग्रजीच्या तासाला अमेरिकेतल्या वर्णभेदाबद्दल वाचताना नॉन-रेसिस्ट आणि अँटी-रेसिस्ट असा एक फरक आमच्यासमोर आला. म्हणजे, मी स्वतः भेदभाव करत नाही, हे एक. आणि भेदभाव जिथे चाललाय तिथे जाऊन तो थांबवतो, हे दुसरं. मराठीत याला काय म्हणायचं, असं मनात आलं. मग लक्षात आलं की आपल्याकडे दोन साधी क्रियापदं आधीपासूनच आहेत. आपण सण पाळतो, सुतक पाळतो, तशीच शिवाशिव पाळतो. ती न पाळणं ही एक गोष्ट. ती मोडणं ही वेगळी. गुरुजींचं आयुष्य मला या दोन क्रियापदांमधल्या प्रवासासारखं वाटतं, आणि तो प्रवास काही लहान नव्हता.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 चा, दापोलीजवळच्या पालगडचा. घराणं खोताचं, पण वडिलांच्या वेळेपर्यंत खोती नावापुरती उरलेली आणि घरात कर्ज. दापोली, औंध, पुणे असं शिक्षण झालं, ते बहुतेक उपाशीपोटीच. आई 1917 मध्ये गेली. पुढे एम.ए. होऊन ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि 1924 पासून तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवू लागले. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या झाडणं, कपड्यांच्या घड्या घालणं, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढणं, मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढणं हे सगळं ते करायचे. गुरुजी हे नाव त्यांना इथेच मिळालं. 1930 मध्ये कायदेभंगाची चळवळ सुरू झाली, तशी त्यांनी नोकरी सोडली आणि मग वीस वर्षं तुरुंग, दौरे आणि लेखन यांतच गेली. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच लिहून घेतली, हे बहुतेकांना माहीत असतं.

माणूस म्हणून ते शिवाशिव पाळणारे कधीच नव्हते. त्यांच्या वर्गात, त्यांच्या पंगतीत, त्यांच्या मनात ती नव्हती. आपण आज ज्याला चांगला माणूस म्हणतो, तसे ते पहिल्यापासून होते. मग 1947 मध्ये वेगळं काय झालं?

इथे थोडं मागे जाऊन ‘श्यामची आई’ उघडायला हवं. फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात काही दिवसांत ते पुस्तक लिहून झालं. त्यात एका म्हाताऱ्या महार बाईचा प्रसंग आहे. तिची लाकडाची मोळी खाली पडलेली असते, एकटीला उचलवत नाही, आणि वाटेवरचं कुणी हात लावायला तयार नसतं. श्यामची आई मुलाला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे आणि घरी येऊन आंघोळ कर. शाळेत आम्हाला हा धडा आईच्या मोठ्या मनाचं उदाहरण म्हणून शिकवला जायचा, आणि त्या काळाच्या मानाने ते मोठं मन होतंच. पण माझं लक्ष दर वेळी त्या आंघोळीवर अडतं. त्या बाईला मोळी मिळाली. त्या मुलाला पुण्य मिळालं. शिवाशिव मात्र होती तिथेच राहिली, कारण ती एका बादली पाण्याने लगेच पुन्हा जाग्यावर आली.

गुरुजींनी ती आंघोळ लपवली नाही, याचं मला फार वाटतं. दुसऱ्या एखाद्या लेखकाने आईचं चित्र उजळ करण्यासाठी ते वाक्य गाळलं असतं. आणि हेही लक्षात घ्या, की ज्या नाशिकमध्ये बसून ते हे लिहीत होते, तिथेच 2 मार्च 1930 पासून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. दार बंद होतं आणि दाराबाहेरची माणसं स्वतःच्या अंगावर दगड झेलत होती. शिवाशिव न पाळणारे सवर्ण तेव्हाही नाशिकमध्ये असतीलच. दारापाशी मात्र त्यांची गर्दी झाली नाही.

1946 च्या अखेरीस गुरुजींनी ठरवलं, की पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं होईपर्यंत उपोषण करायचं. पंढरपूरच का, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. ज्या देवाला गरिबांचा देव म्हणून शतकानुशतकं गायलं, त्याच्या महाद्वारापाशी चोखामेळ्याची समाधी आहे, बाहेर. वारीत सगळे एक, आणि दारापाशी दोन. गुरुजींचं स्वतःचं नावही पांडुरंगच. या उपोषणात त्यांचा जीव असा गुंतला होता की सहकाऱ्यांना भीती वाटू लागली.

सहकाऱ्यांनी त्यांना थांबवलं, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वात महत्त्वाचा भाग हाच आहे, जो निबंधात दोन ओळींत उरकला जातो. आधी महाराष्ट्रभर फिरा, लोकांशी बोला, मग उपोषण करा, असं ठरलं. पुढचे काही महिने गुरुजी गावोगाव हिंडले. सेनापती बापटांसारखा ज्येष्ठ माणूस त्यांच्याबरोबर उभा राहिला, राष्ट्र सेवा दलाची मुलं कलापथक घेऊन गेली. गावात सभा व्हायची, आणि सभेनंतर गावाला विचारलं जायचं की तुमचं देऊळ खुलं करणार का, विहीर खुली करणार का. अनेक ठिकाणी देवळं उघडली, पाणवठे उघडले. काही ठिकाणी नाही उघडले.

हे वाचताना मला जाणवलं, ते त्या प्रश्नाचं नेमकेपण. गुरुजी गावकऱ्यांना मनं मोठी करा असं नुसतं सांगत नव्हते. ही विहीर, हे कुलूप, आज, असं विचारत होते. गोडादऱ्यात मी जातपात मानत नाही हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की त्याचा आवाजही येईनासा झालाय. तेच लोक खोली भाड्याने देताना आडनाव विचारतात. आमचं आडनाव ऐकलं की मूळ गाव कोणतं हा प्रश्न येतो, आणि नगर जिल्हा, कॅथलिक, असं सांगितलं की समोरच्याचा हिशेब झालेला असतो. आम्ही आता लहान आहे त्याच घरात राहतो, कारण मागे एका ठिकाणी किल्ली हातात येता येता राहिली. त्या घरमालकाने काही वाईट शब्द काढला नाही. उलट चहा पाजला. त्याच्या शेजारच्यांना सगळं कळलं, आणि तेही जातपात न मानणारेच होते. त्यांतलं कुणी बोललं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मला गुरुजींच्या दौऱ्याकडे घेऊन गेला.

1 मे 1947 ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झालं. बडवे ऐकायला तयार नव्हते. विरोधकांनी मोर्चे काढले, गुरुजींनी भीमेपार चालतं व्हावं, दार काही उघडायचं नाही, अशा अर्थाच्या घोषणा दिल्या. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे खुद्द गांधीजींनी उपोषण सोडावं असं कळवलं. ज्या माणसाला गुरुजी आयुष्यभर मानत आले, त्याचा निरोप आणि समोर बंद दार! गुरुजींनी नम्रपणे, पण उपोषण चालूच ठेवलं. मला वाटतं, विरोधकांशी लढणं त्यांना तितकं जड गेलं नसेल. आपल्या बाजूचा, सज्जन, मोठा माणूस थांब म्हणतो तेव्हा खरा कस लागतो. शेवटी मध्यस्थीसाठी दादासाहेब मावळंकर पंढरपूरला आले. अहमदाबादचे मराठी माणूस, तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष आणि पुढे पहिल्या लोकसभेचे सभापती. (गुजरातमधल्या मराठी मुलीला हे लिहिताना थोडा अभिमान वाटला, तो राहू दे.) बडव्यांशी बोलणी झाली, त्यांनी संमती दिली, आणि दहाव्या दिवशी, 10 मे ला, उपोषण सुटलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

आता यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. 1947 पर्यंत आंबेडकर आणि त्यांच्यामागचा समाज देवळाच्या दारापासून कधीच पुढे निघून गेला होता. 1935 मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली होती. शिक्षण, नोकरी, जमीन, राजकीय हक्क हे त्यांचे प्रश्न होते. मग ज्या दाराची मागणीच उरली नव्हती, ते उघडण्यासाठी जीव पणाला लावून काय मिळवलं? माझ्या घरात हा प्रश्न जास्तच टोचतो, कारण आमच्या पणजोबांनी तर त्या देवळाकडे पाठ फिरवून केव्हाच चर्चची वाट धरली होती.

मला याचं उत्तर असं दिसतं, की गुरुजींचं उपोषण मुळात आत जाणाऱ्यांसाठी नव्हतंच. ते आत असलेल्यांशी होतं. दार लावलं कुणी, तर त्यांच्याच लोकांनी. ते उघडण्याचं काम बाहेरच्यांवर ढकलून, मी आपला मनाने स्वच्छ, असं म्हणत बसणं त्यांना सहन झालं नाही. बाहेरच्याला आत यायचंय की नाही हा त्याचा प्रश्न. कुलूप काढणं हा माझा. मोळी उचलून आंघोळ करणाऱ्या मुलाने 47 व्या वर्षी आंघोळच नाकारली, आणि आपल्यासारख्या सगळ्या आंघोळ करणाऱ्यांनाही ती नाकारायला भाग पाडलं.

आणि हे फक्त हिंदू देवळांचं दुखणं आहे असं आपण कॅथलिक मुलांनी समजू नये. 1930 नंतर गुरुजींना काही काळ तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात ठेवलं होतं. तिथे ते दक्षिणेतल्या कैद्यांच्या सहवासात त्यांच्या भाषांकडे वळले, आणि आंतरभारतीची कल्पना तिथेच रुजली असं मानतात. त्याच तिरुचिरापल्लीत कॅथलिकांचं एक कबरस्तान आहे, ज्यात दलित ख्रिश्चनांच्या कबरी वेगळ्या ठेवायला मधे भिंत घातलेली आहे. गोव्यातही कितीतरी जुनी कॉन्फ्रारिया जातीवर बांधलेली होती. मिस्साला एका बाकावर बसणारे लोक मेल्यावर भिंतीच्या दोन बाजूंना. त्या बाकावरचा कुणीही विचारलं तर हेच सांगेल, की मी तर पाळत नाही.

उपोषणानंतरचा काळ गुरुजींना जड गेला. फाळणीचा रक्तपात, मग जानेवारी 1948 मध्ये गांधीजींचा खून, आणि तोही महाराष्ट्रातल्या माणसाच्या हातून. त्यांनी 21 दिवस उपोषण केलं. 15 ऑगस्ट 1948 ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं, ते आजही निघतं. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून आंतरभारतीसाठी धडपडले. पण आतून ते खचत गेले होते. 11 जून 1950 ला झोपेच्या गोळ्या घेऊन त्यांनी आयुष्य संपवलं. वय पन्नास. शाळेच्या निबंधात आम्ही हे वाक्य कधी लिहिलं नाही, निधन झाले एवढंच लिहायचो.

त्या वर्षी जानेवारीत राज्यघटना लागू झाली होती आणि सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द झाली होती. गुरुजी गेल्यावर दोन महिन्यांनी, 10 ऑगस्ट 1950 ला, अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्यात फक्त हिंदू धर्म मानणाऱ्यांनाच अनुसूचित जातीचं धरलं होतं. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिश्चन अजून नाहीत. म्हणजे कागदावर आम्हाला ती जात नाही. खोली बघायला गेलो की असते.