मार्टी मॅन

मार्गारेट मार्टी मॅन (१५ ऑक्टोबर, १९०४:शिकागो, इलिनॉय, अमेरिका - २२ जुलै, १९८०:ब्रिजपोर्ट, कनेक्टिकट, अमेरिका) या एक अमेरिकन समाजकार्यकर्त्या आणि लेखिका होत्या. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (ए.ए.) या मद्यपींच्या परस्परसाहाय्य संघटनेत दीर्घकाळ टिकून राहिलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक होत. मद्यासक्ती हा आजार आहे, हा विचार अमेरिकेत सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

== पूर्वायुष्य ==
मॅन यांचा जन्म शिकागोतील सुखवस्तू कुटुंबात झाला. किशोरवयात त्यांना क्षयरोग झाला होता. त्यातून त्या बऱ्या झाल्या. १९२७ साली त्यांचा विवाह झाला आणि वर्षभरातच घटस्फोटही झाला. पुढे वडिलांची सांपत्तिक स्थिती ढासळल्यामुळे त्यांना अर्थार्जन करावे लागले. १९३० च्या सुमारास त्या लंडनला गेल्या व तेथे छायाचित्रणाचा व्यवसाय करू लागल्या. याच काळात त्यांचे मद्यपान हाताबाहेर गेले. दारूच्या अमलाखाली उंचावरून पडून त्या गंभीर जखमी झाल्या आणि कित्येक महिने रुग्णालयात होत्या. १९३६ च्या अखेरीस त्या अमेरिकेत परतल्या, त्या वेळी त्यांच्याजवळ ना पैसा होता, ना काम.

== उपचार ==
त्या काळी मद्यपी रुग्णाला दाखल करून घेण्यास बहुतेक डॉक्टर नाखूश असत. त्यातून रुग्ण स्त्री असेल तर तिच्याकडे आजारी म्हणून नव्हे, चारित्र्यहीन म्हणून पाहिले जाई. न्यू यॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात मज्जाविकारतज्ज्ञ फॉस्टर केनेडी यांनी मॅन यांना ठेवून घेतले. तेथून १९३८ साली त्या कनेक्टिकटमधील ग्रिनिच येथील ब्लाइथवूड या मनोरुग्णालयात आल्या. तेथील मानसोपचारतज्ज्ञ हॅरी टीबाउट यांनी त्यांच्यावर विनामूल्य उपचार केले. अनेक महिने उलटूनही दारू पूर्णपणे सुटली नव्हती.

१९३९ च्या आरंभी टीबाउट यांच्या हाती एका आगामी पुस्तकाची, अभिप्रायासाठी काढलेली प्रत आली. न्यू यॉर्क व ॲक्रन येथील सुमारे शंभर मद्यपी एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहत होते, त्यांचे अनुभव व पद्धती त्यात मांडल्या होत्या. टीबाउट यांनी ती मॅन यांना वाचावयास दिली. आपल्यासारखी माणसे इतरत्रही आहेत आणि आपल्या अवस्थेला आजार हे नाव आहे, हे वाचून त्यांना हायसे वाटले. मात्र पुस्तकात पानोपानी येणारा देव त्यांना मुळीच मानवेना. काही आठवडे त्या डॉक्टरांशी वाद घालीत राहिल्या. टीबाउट वादात न पडता त्यांना पुढचे प्रकरण वाचावयास सांगत. अखेर एका प्रसंगी संतापाच्या भरात असताना, रागासंबंधीचा त्यातील मजकूर त्यांच्या दृष्टीस पडला आणि त्यांचा विरोध मावळला.

== पहिली बैठक ==
टीबाउट यांच्या आग्रहावरून ११ एप्रिल, १९३९ रोजी, मंगळवारी, मॅन ब्रुकलिनमधील १८२ क्लिंटन स्ट्रीट या घरी गेल्या. हे घर ए.ए.चे एक संस्थापक बिल विल्सन व त्यांच्या पत्नी लोइस यांचे होते आणि आठवड्याची बैठक तेथेच भरत असे. मॅन इतक्या घाबरल्या होत्या की कोट ठेवण्याच्या निमित्ताने वरच्या मजल्यावर गेल्या त्या खाली येईनात. लोइस यांनी समजूत घालून त्यांना खाली आणले, अशी आठवण सांगितली जाते. जमलेले मद्यपी जवळजवळ सगळे पुरुष होते. त्यांच्या बोलण्यात मॅन यांना स्वतःचीच कहाणी ऐकू आली; परक्यांच्या घरी आपली माणसे भेटल्याचे त्यांनी पुढे लिहिले. ब्लाइथवूडला परतल्यावर, आता आपण एकटे नाही, ही बातमी त्यांनी सहरुग्णाला सांगितली.

ही भेट जेमतेम वेळेवर झाली असे म्हणावे लागेल. पंधरवड्यातच गहाणाच्या थकबाकीमुळे विल्सन दांपत्याला ते घर सोडावे लागले आणि बैठका इतरत्र भरू लागल्या. त्या एका संध्याकाळीच मॅन यांची दारू कायमची सुटली, असेही नाही. पहिल्या वर्ष-दीड वर्षात त्या पुन्हा पिऊ लागल्याचे प्रसंग घडले; प्रत्येक वेळी त्या बैठकीला परत आल्या. मॅन यांच्याआधी न्यू यॉर्कच्या गटात एक स्त्री होती व तिची कथा पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत छापलेली आहे, पण ती पुन्हा मद्यपानाकडे वळली. त्यामुळे मॅन यांना 'पहिली स्त्री सदस्य' म्हणण्याची रूढ पद्धत काटेकोर नाही.

== सार्वजनिक कार्य ==
१९४४ मध्ये येल विद्यापीठातील ई.एम. जेलिनेक यांच्या साहाय्याने मॅन यांनी मद्यासक्तीविषयी लोकशिक्षण करणारी राष्ट्रीय समिती स्थापन केली. हीच पुढे नॅशनल काउन्सिल ऑन अल्कोहोलिझम म्हणून ओळखली गेली. मद्यासक्ती हा आजार आहे, रुग्णाला मदत करता येते व तो मदतीस पात्र आहे, आणि हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याने ती समाजाची जबाबदारी आहे, या मुद्द्यांवर त्यांनी देशभर व्याख्याने दिली. यासाठी आपण ए.ए.च्या सदस्य असल्याचे त्यांनी उघडपणे सांगितले. १९४६ साली समितीच्या निधिसंकलनाच्या पत्रांवर ए.ए.च्या संस्थापकांची नावे छापलेली असल्याने वाद झाला व संस्थापकांनी आपली नावे काढून घेतली. सदस्यांनी सार्वजनिकरीत्या अनामिक राहावे, हा संघटनेचा संकेत दृढ होण्यास असे अनुभव कारणीभूत ठरले.

१९६८ पर्यंत त्या संस्थेच्या प्रमुख होत्या. व्होग मासिकाच्या कलाविभागात काम करणाऱ्या प्रिसिला पेक या त्यांच्या अनेक दशकांच्या सहचारिणी होत. १९६० च्या सुमारास मॅन यांचे मद्यपान काही काळ पुन्हा सुरू झाले होते; ही गोष्ट त्यांच्या हयातीत जाहीर झाली नाही. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

== लेखन ==
मॅन यांचे 'प्रायमर ऑन अल्कोहोलिझम' हे पुस्तक १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. १९५८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. ए.ए.च्या मूळ पुस्तकाच्या १९५५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांची आत्मकथा, संघटनेच्या रिवाजाप्रमाणे नावाविना, समाविष्ट आहे.