त्यागराजांचा संतोष

तंजावरजवळ कावेरीतीरी तिरुवय्यारू नावाचे क्षेत्र आहे. रामभक्त संतकवी त्यागराज (१७६७–१८४७) यांचे बहुतेक आयुष्य तेथेच गेले. ते पत्नी-कन्येसह प्रपंच करणारे गृहस्थ होते. संन्यास त्यांनी अगदी अंतकाळी घेतला. रामनाम गात घरोघर फिरावे आणि पात्रात पडेल त्या धान्यावर निर्वाह करावा, अशी त्यांची उंछवृत्ती होती.

त्यांची कीर्ती ऐकून तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी दरबारी गायनासाठी निमंत्रण व धन पाठविले, असे परंपरा सांगते. त्यागराजांनी ते नम्रपणे परत केले. त्यामुळे संतापलेल्या वडील बंधूंनी त्यांच्या पूजेतील राममूर्ती कावेरीत टाकून दिल्या. दारी आलेली संपत्ती परत जाताना जे मन यत्किंचितही हलले नाही, ते आता व्याकुळ झाले. मूर्ती पुन्हा लाभेपर्यंत त्यांना चैन पडले नाही.

त्यागराजांना धान्य हवे होते ते दिवसापुरते. राम हवा होता तो अखंड. आपल्या इच्छांतील खरी गरज कोणती, हे गृहस्थानेही याच कसोटीवर पाहावे: कशाच्या वियोगाने अंतःकरण खरोखर रिते होते? उरलेल्या इच्छा मग आपोआप सैल पडतात, आणि घरात संतोष नांदू लागतो.