आरोग्याचे ज्ञान झोपडीपर्यंत नेणारी सेविका : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

हाती दिवा घेऊन रात्री रुग्णांची विचारपूस करणारी परिचारिका, ही फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची ओळख सर्वश्रुत आहे. परंतु आरोग्याचे ज्ञान अल्पशिक्षितांना समजावे म्हणून त्यांनी केलेले कार्य तितकेच थोर आहे.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धातील सैनिकांच्या शुश्रूषेसाठी त्या ३८ जणींचे पथक घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारी येथे गेल्या. त्यांत १० कॅथलिक धर्मभगिनी होत्या. त्यांपैकी मदर मेरी क्लेअर मूर यांच्याशी जुळलेला स्नेह १८७४ मध्ये मदर क्लेअर निवर्तल्या तोपर्यंत अखंड राहिला.

त्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक सैनिक दगावले. आकड्यांचे रुक्ष तक्ते कोणी वाचणार नाही, हे जाणून नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये ते सत्य रंगीत आकृतीतून मांडले. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे तांबड्या रंगात. निळ्या रंगाचा विस्तार पाहताच अर्थ उमगत असे.

शुश्रूषेवरील त्यांचे पुस्तक गाजले. पण ते सुशिक्षितांचे होते. म्हणून १८६१ मध्ये त्यांनी कष्टकऱ्यांसाठी त्याची सोपी, स्वस्त आवृत्ती काढली. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींसाठी तीत एक नवे प्रकरण घातले. बाळाला मोकळी हवा, ऊब, स्वच्छता आणि वेळेवर आहार का हवा, हे त्यांनी त्या मुलींशी बोलावे तसे सांगितले.

तरीही छापील शब्दाची मर्यादा त्या ओळखून होत्या. १८९२ मध्ये इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर परगण्यात त्यांच्या प्रेरणेने ग्रामीण स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. या स्त्रियांनी केवळ व्याख्यान न देता घरोघरी जाऊन, मातांशी मैत्री करून, प्रत्यक्ष कृतीने शिकवावे, असा नाइटिंगेल यांचा आग्रह होता.

त्या भारतात कधीच आल्या नाहीत. तथापि येथील खेड्यांच्या आरोग्याची चिंता त्यांनी वाहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. दूषित पाण्यातील जंतू गावकऱ्यांना जादूच्या दिव्याने पडद्यावर दाखवावेत, अशी त्यांची सूचना होती.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९०व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. रुग्णाला औषध देणे ही सेवा आहेच. पण ते कसे व का घ्यावे हे त्याला समजेपर्यंत सांगणे, हीदेखील सेवाच आहे. आपल्या धर्मग्रामातील आरोग्यसेवकांनी हा वारसा जपावा.